सत्तेचाळीस नंबरची माताजी

माणसं पाइपाकडे वरून बघतात. रंगही वरूनच देतात. मी बावीस वर्षं पाइप खालून बघत आलो आहे. त्यामुळे माझी मान थोडी वाकडी झाली आणि स्वभाव त्याहून जास्त, असं माझी बायको निरुपमा म्हणते. ती शाळेत शिकवते, म्हणून तिला सगळ्यांचे स्वभाव कळतात असा तिचा समज आहे.

मी दत्तात्रेय जगताप. बडोद्याहून पादऱ्याकडे जाताना डाव्या हाताला एक केमिकल कंपनी लागते, तिथे पाइपांची देखभाल माझ्याकडे आहे. आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि घोड्यांचे खूर तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, असं घरात सांगतात. मी पाइपांचे खूर तपासतो, एवढाच फरक.

आमच्याकडे एक पिवळा पाइप आहे. तो टाक्यांपासून प्लँटपर्यंत कॉस्टिक नेतो. साबणाला लागतो तोच हा द्राव, पण असा घट्ट आणि गरम असताना अंगावर पडला तर कातडी सोलून निघते आणि डोळ्यात गेला तर तो डोळा परत मिळत नाही. पाइप जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एकशे बारा लोखंडी सपोर्टांवर टेकलेला आहे, आणि त्याच्या कडेकडेने गेटपासून कँटीनपर्यंतची वाट जाते. पाळी बदलली की तीनशे माणसं त्या वाटेने जातात.

आता पाइप जिथे टेकतो तिथे काय होतं ते सांगतो. ऐकून घ्या, कारण कंपनीत कोणी घेतलं नाही. गरम कॉस्टिक आलं की पाइप लांबतो, गार झाला की आखडतो. रोज बोटभर पुढे-मागे सरकतो. सरकताना बुडाचा रंग घासून जातो, मग पाइप आणि सपोर्ट यांच्या फटीत पाणी बसतं. ते वाळत नाही. लोखंड तिथल्या तिथे सडत जातं आणि वरून पाइप हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक दिसतो. जाडी मोजायचं यंत्र आहे, पण ते लावायला पाइपाचं अंग मोकळं हवं, आणि सडतं ते नेमकं टेकलेल्या जागी. म्हणजे पाइप उचलल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि कॉस्टिक बंद केल्याशिवाय पाइप उचलता येत नाही.

उपाय साधा आहे. पाइप उचलायचा, घासायचा, रंगवायचा, खाली टणक प्लास्टिकची अर्धगोल पट्टी घालायची म्हणजे पाणी साचत नाही आणि पाइप अलगद सरकतो. वरून क्लँप, तोही जरा सैल, म्हणजे पाइप सपोर्टवरून घसरत नाही आणि आवळलाही जात नाही. आमचे जुने फिटर रावजीभाई त्या पट्टीला ‘पाटलो’ म्हणतात. पाइपालाही बसायला पाट लागतो, हे त्यांना एका वाक्यात समजलं. आमच्या प्लँट मॅनेजरांना तीन अहवालांत समजलं नाही.

मॅनेजर म्हणजे सलील प्रधान. बडोद्यातल्या अलकापुरीतले, म्हणजे बड्या वस्तीतले. त्यांचे आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि नातवाचाही कागदावर फार विश्वास; मात्र कागद दुसऱ्याने लिहिलेला असला तर तो वाचायचा नाही, अशी त्यांची रीत होती. ते साल पंच्याण्णव. देशाची दारं उघडली होती आणि आत येणाऱ्यांना दाखवायला प्रत्येक कारखाना सर्टिफिकेटांच्या मागे लागला होता. आमच्याकडे तर संडासाच्या दारावरसुद्धा गुणवत्ता धोरण लावलं होतं, इंग्रजीत.

सत्तेचाळीस नंबरचा सपोर्ट कँटीनच्या वळणावर आहे. जेवून बाहेर पडणारा माणूस तोंडात गुटखा टाकतो तो तिथेच, आणि पहिली पिंक टाकतो तीही तिथेच. चुना, कात, थुंकी, सगळं पाइपाच्या बुडाशी. मी पहिला अहवाल लिहिला: थुंकीमुळे सत्तेचाळीस नंबरवर गंज वाढत आहे, पाइप उचलून पाहणे तातडीचे आहे, त्यासाठी एक दिवस लाइन बंद मिळावी.

प्रधानसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

“जगतापसाहेब, तुमचा प्रॉब्लेम मी सॉल्व्ह केला.”

“शटडाऊन मिळाला?”

“शटडाऊन कशाला? थुंकायचे बंद होतील ना सगळे. तिथे देवीची टाइल बसवतोय.”

टाइल आली आणि सत्तेचाळीसवर, पाइपाच्या वरच बसली. सहा इंच बाय सहा इंच, लाल शालूतली देवी. खाली वाहन होतं, ते छपाईत असं फाकलं होतं की सिंह की वाघ हे सांगता येत नव्हतं. गुजराती मंडळी म्हणाली अंबामाता, मराठी म्हणाले तुळजाभवानी. दोन दिवस यावर कँटीनमध्ये चर्चा झाली, आणि शेवटी दोन्ही आरत्या म्हणायच्या ठरलं. मी तुळजाभवानीच्या बाजूने होतो, हे कबूल करतो. चिडका असलो तरी मराठा आहे.

थुंकणं मात्र एका दिवसात थांबलं. प्रधानसाहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. आणि पुढच्याच मंगळवारी रावजीभाईंनी माताजीला तांब्याभर पाणी घातलं.

रावजीभाई पादऱ्याकडच्या एका गावातून सायकलवर येतात. तीस वर्षांचा अनुभव. पाना लावल्याबरोबर नट किती आवळलेला आहे ते त्यांना कळतं. देवाच्या बाबतीत मात्र किती हा प्रश्नच त्यांना पडत नाही. पाण्यामागून दूध आलं, नारळाचं पाणी आलं, पौर्णिमेला दही आलं. दिव्याचं तेल, कुंकू, फुलांचा लगदा, सगळं टाइलवरून ओघळून पाइपाच्या बुडाशी जमायचं. लोक थुंकत होते तेव्हा पाइप निदान अधूनमधून वाळत तरी होता.

मग कोणाला तरी वाटलं, देवी उघड्यावर आहे. वर्गणी न मागता वर्गणी जमली आणि संगमरवराची देवळी आली. गवंड्याने ती हलू नये म्हणून पाइपाभोवती वीतभर सिमेंट ठासून भरलं. आता रोज बोटभर सरकणारा पाइप सत्तेचाळीसवर पक्का जखडला गेला. पण लांबायचं ते लांबणारच. तो दुसऱ्या बाजूने जोर करू लागला आणि अठ्ठेचाळीस, एकोणपन्नासवर आडवा सरकत सरकत सपोर्टच्या कडेला आला. मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात चित्र काढलं. प्रधानसाहेबांना चित्रातली देवळी आवडली.

त्या पावसाळ्यानंतर परदेशातून सर्टिफिकेटवाला तपासनीस आला. भला माणूस. देवळीपाशी थांबून त्याने विचारलं, इथे जे काम चालतं त्याची लेखी कार्यपद्धती कुठे आहे? नव्हतीच. त्याने वहीत नोंद केली: काम होते, पण लेखी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मला पूजेची कार्यपद्धती लिहायला सांगितली. ही संधी मी सोडली नाही. ‘पाणी: पन्नास मिलिलीटर, आठवड्यातून एकदा, ताम्हनात’ असं लिहिलं. ती कामगारांकडे मंजुरीला गेली आणि परत आली तेव्हा पन्नास मिलिलीटरच्या जागी ‘पुरेसे’ असं होतं. त्या कागदावर प्रधानसाहेबांची सही, शिक्का, आवृत्ती क्रमांक दोन. माझ्या तिसऱ्या अहवालावर नुसतं ‘पाहिले’.

मला राग आला होता हे खरं, पण रागापेक्षा भीती जास्त होती. रावजीभाई रोज सकाळी त्या पाइपाच्या समोर, हातभर अंतरावर, डोळे मिटून उभे राहायचे. त्यांच्याबरोबर आणखी वीस-पंचवीस जण. मला ते दृश्य बघवत नसे.

एका सकाळी चहा घेताना निरुपमाजवळ मी हे सगळं पुन्हा ओकलो. ती मुलांच्या वह्या तपासत होती.

“अहो, मी वर्गात शंभरदा सांगते, नखं कापून या. कोणी ऐकत नाही. एकदा म्हटलं, नखं वाढवली की मार्क कमी पडतात. दुसऱ्या दिवशी सगळी नखं साफ.”

“मग मी काय करू? मार्क कापू?”

“तुम्हाला स्वप्नं पडत नाहीत का हो?” ती वहीतून डोकं न काढता म्हणाली.

मी इंजिनियर आहे. बडोद्याच्या कॉलेजात पदवी घेतली आहे. खोटं ठरवायला मला पादऱ्याची बस मिळेपर्यंतचा वेळ लागला, आणि कंपनीच्या गेटमध्ये शिरेपर्यंत स्वप्न तयार होतं.

“रावजीभाई,” मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो. आमचं बोलणं नेहमी गुजरातीतच. “काल माताजी स्वप्नात आल्या.”

त्यांच्या हातातला पाना खाली गेला. “शुं कह्युं माताजीए?”

“म्हणाल्या, माझे पाय सतत ओले राहतात. मला इथून चार फूट बाजूला, कोरड्या ओट्यावर बसव. पाइप सोडव. त्याला उचलून खालून बघ, आणि पाट दे.”

“पाटलो?” रावजीभाईंचे डोळे भरून आले. “माताजीने पाटलो म्हटलं?”

“हो. आणि क्लँप सैल ठेवायला सांगितला.”

दुपारपर्यंत सगळ्या प्लँटला कळलं. तीन वाजता प्रधानसाहेबांचा फोन. “जगतापसाहेब, खरं का हे? दृष्टांत वगैरे?”

“लोक म्हणतात.”

“शुक्रवारी शटडाऊन घ्या. पूर्ण दिवस. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“आधी तीन वेळा लिहून दिलं होतं, सर.”

“ते टेक्निकल होतं हो,” ते म्हणाले.

शुक्रवारी लाइन रिकामी केली, पाण्याने धुतली. नारळ फोडून छिन्नी लावली, सिमेंट फोडलं. देवळी चार फूट बाजूला ओट्यावर गेली. चेन ब्लॉक लावून पाइप इंच-इंच उचलला. मी मातीत पाठ टेकून खाली सरकलो. बुडाला गंजाचे पापुद्रे होते, खारी बिस्किटासारखे. ते हाताने निघून आले. उरलेल्या लोखंडावर मी टोकदार हातोडीने हलकंच ठोकलं, आणि टोक आत गेलं. काही जोर केला नव्हता. पहिला अहवाल दिल्यापासून सात महिने तीनशे माणसं ज्या पाइपाजवळून जात होती, त्याचं बूड वर्तमानपत्राच्या कागदाइतकं उरलं होतं.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, “बघा. या, सगळे बघा.” बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणाला तरी दाखवायला मिळत होतं. पन्नास माणसं वाकून वाकून बघून गेली. रावजीभाईंनी त्या भोकात बोट घातलं, कपाळाला लावलं आणि मोठ्याने म्हणाले, “माताजीए पकडी राख्युं!”

माताजीने धरून ठेवलं होतं. कागदाएवढा पत्रा, आत कॉस्टिक, तरी फुटला नाही, तो कशामुळे? याला कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, की नशीब, पण तेही त्यांच्याच बाजूचं निघालं. मी तो सडका तुकडा कापून घेतला, मुख्य कचेरीला पुरावा म्हणून पाठवायचा होता. संध्याकाळी तो लाल कापडावर देवळीत होता. त्याला हळद-कुंकू लागलं होतं आणि वर बल्ब सोडला होता. प्रधानसाहेबांनी त्याचा फोटो कंपनीच्या मासिकात छापला, वर मथळा: ‘श्रद्धा आणि सुरक्षा’.

मी सोमवारी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. “सर, असे आणखी एकशे अकरा सपोर्ट आहेत. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास तर कडेला आले आहेत. एक-एक करून उचलायला हवेत.”

“त्यांच्याबद्दल काही आलंय का?”

“काय यायचं?”

“म्हणजे... तसं काही.”

मी म्हणालो, “सर, मला स्वप्न पडलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

ते समजुतीने हसले. “तुमचा विनय मला माहीत आहे, जगतापसाहेब. मोठी माणसं असंच बोलतात.” आणि त्यांनी घंटी वाजवून माझ्यासाठी चहा मागवला. पूर्वी कधी मागवला नव्हता.

तिथून मी तडक वळणावर गेलो. रावजीभाई अठ्ठेचाळीस नंबरच्या सपोर्टला पाठ टेकून डबा खात बसले होते. पूर्वी ते पाइपाजवळ काम करताना डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा घालायचे. माझ्या धाकाने का होईना, घालायचे. तो चष्मा आता देवळीच्या कोपऱ्याला टांगला होता, झेंडूच्या माळेत. त्यांनी तो माताजीला वाहिला होता. शेजारी आणखी सहा चष्मे होते.

हे माझ्यामुळे झालं होतं. गंज त्यांना दिसत नव्हता तेव्हा निदान भीती तरी होती, ती मी काढून घेतली होती.

“रावजीभाई, ऐका. ते स्वप्न खोटं होतं. मी बनवलं होतं. पाइप उचलायला मिळावा म्हणून. माताजी माझ्या स्वप्नात आल्या नव्हत्या.”

त्यांनी रोटल्याचा घास खाली ठेवला. मग शांतपणे विचारलं, “साहेब, स्वप्न खोटं. पण पाइप सडलेला निघाला ते खरं ना?”

“ते खरं. म्हणूनच तर—”

“तुम्ही बावीस वर्षांत कधी खोटं बोललात?”

“नाही.”

“मग तुमच्यासारख्या माणसाच्या तोंडून खोटं कोणी बोलवलं?”

त्यांनी हात जोडले. मला नाही, देवळीला.

समोर त्यांचे डोळे होते, साठीला आलेले, थोडे पिंगट, आणि पाठीशी पाइप. मला त्या माणसाची इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि स्वतःची इतकी लाजही.

“माताजी काल पुन्हा आल्या होत्या,” मी म्हणालो.

ते ताडकन उठले. “शुं कह्युं?”

“म्हणाल्या, माझ्या लेकरांचे चष्मे मला नकोत. ज्याचे त्याला दे. आणि अठ्ठेचाळीस नंबर उचलून बघ.”

रावजीभाईंनी दोन्ही हातांनी चष्मा काढून घेतला, कपाळाला लावला आणि डोळ्यांवर चढवला. अठ्ठेचाळीस नंबर बुधवारी उचलला गेला. निम्मा सडला होता.

तेव्हापासून मी अहवाल लिहिणं बंद केलं. उरलेल्या एकशे दहा सपोर्टांची यादी केली, जास्त ओल असलेले वर, आणि एकेक दृष्टांत देऊ लागलो. एकोणपन्नास, बावन्न, एकसष्ट. प्रधानसाहेबांनी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. अठ्ठेचाळीस धरून वर्षभरात एकोणीस स्वप्नं पडली, एकोणीस सपोर्ट उचलले गेले, पाट बसले, क्लँप सैल झाले. अठरा ठिकाणी गंज निघाला. दरवेळी माताजींचा जयजयकार झाला, आणि मला नमस्कार करणारी माणसं वाढत गेली.

एकोणिसावा होता त्र्याण्णव नंबर. चेन ब्लॉकने पाइप वर गेला, मी खाली सरकलो. रंग शाबूत. कुठे डाग नाही. मी यंत्र लावलं, जाडी नव्या पाइपाएवढी. इंजिनियरला याहून चांगली बातमी नसते. मी हसत हसत बाहेर आलो आणि म्हणालो, “ठणठणीत आहे!”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून एक जण हळूच म्हणाला, “माताजी चुकत नाहीत. माणूस चुकतो.” रावजीभाईंनी मान खाली घातली. प्रधानसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि लाइन लवकर चालू करायला सांगितली.

त्यानंतर मला पडलेलं कुठलंही स्वप्न मंजूर झालं नाही. चहाही बंद झाला. मी पुन्हा अहवाल द्यायला गेलो, तर प्रधानसाहेब म्हणाले, “आता अहवाल कसा चालेल? तुमचे दृष्टांतच तर बंद पडलेत.” रावजीभाईंना तेवढं माझं वाईट वाटलं. एकदा गेटवर सायकल थांबवून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भावासारखं सांगितलं, “साहेब, मांसमच्छी खाता का? सोडा. मंगळवार धरा. माताजी परत येतील.”

ब्याण्णव सपोर्ट उरले आहेत. पाळी बदलताना तीनशे माणसं अजून त्याच वाटेने जातात.

मी मंगळवार धरले आहेत.